एकट्यानं खिडक्या पुसताना शिडी: नव्यानं कामाला लागलेल्यांसाठी

खिडक्या स्वच्छ करायला दोघं गेले की एक वर चढतो आणि दुसरा खाली थांबतो. खालचा माणूस रिकामा दिसत असला तरी त्याच्याकडे बरीच कामं असतात. तो शिडीचे पाय सरकू देत नाही, दार उघडून बाहेर येणाऱ्याला थांबवतो, फडकं वर देतो, शिडी एका बाजूला कलतेय हे त्याला आधी दिसतं आणि वरचा पडलाच तर मदतीसाठी फोन तोच करतो. एकट्यानं काम करायचं तर ही सगळी कामं पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी दुसऱ्या कशावर तरी सोपवावी लागतात. चढणं-उतरणं नवशिक्याला लवकर जमतं. ही सोपवणूक शिकायला वेळ लागतो, म्हणून इथे भर तिच्यावर आहे.

पडताना स्वतःला सावरू, या भरवशावर कुणी राहू नये. ३ मीटरवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर आदळतो, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. ५ मीटरवरून हाच वेग ३५ च्या पुढे जातो. एवढ्या वेळात हात पुढे करण्यापलीकडे काही होत नाही. जे करायचं ते जमिनीवर उभं असतानाच.

शिडी लागणारच आहे का?

गाडीतून शिडी काढण्याआधी हा प्रश्न दर खिडकीसाठी विचारा. खालच्या मजल्याच्या बऱ्याच खिडक्या लांब दांड्यावर वायपर बसवून जमिनीवरून पुसता येतात. उघडणाऱ्या खिडक्या आतून होतात. मात्र त्यासाठी चौकटीवर बसायचं नाही आणि कमरेपासून बाहेर झुकायचं नाही. ते शिडीपेक्षाही वाईट. वरच्या मजल्यांसाठी वॉटर-फेड पोल मिळतो. त्याच्या टोकाला ब्रश असतो आणि ब्रशमधून क्षार काढलेलं शुद्ध पाणी येतं. पाण्यात क्षार नसल्यामुळे काच वाळल्यावर डाग राहत नाहीत आणि वर जाऊन पुसायची गरज उरत नाही. एकट्यानं हा धंदा पुढे न्यायचा असेल तर शिडी बदलण्याआधी या पोलचा विचार करा, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियम या दोन्हींतून वीज वाहते. विजेच्या तारांजवळ लांब पोल हा शिडीइतकाच धोक्याचा.

शिडी कुठल्या कामासाठी चालते, याचा एक ढोबळ मापदंड ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेनं दिलेला आहे: एका जागी अर्ध्या तासाहून कमी काम, आणि हातात किंवा अंगावर १० किलोपर्यंतच वजन. खिडकी पुसणं यात सहज बसतं. जुना रंग खरवडणं, घट्ट बसलेली झडप ओढून काढणं, दोन्ही हातांनी जोर लावून घासणं ही कामं बसत नाहीत. त्यांना मचाण किंवा लिफ्ट हवी, आणि बहुतेक वेळा दुसरा माणूसही.

काही खिडक्या एकट्यानं करायच्याच नसतात. खाली शिडी टेकवायला धड जागा नसते किंवा ती बांधायला काही सापडत नाही. अशा वेळी मालकाला सरळ सांगा: "ही एक खिडकी दोन माणसांचं काम आहे. बाकीच्या आज करतो, हिच्यासाठी जोडीदाराला घेऊन येतो." हे वाक्य काम ठरवतानाच बोललेलं बरं. अर्धं काम झाल्यावर, मालक खाली उभा राहून पाहत असताना, नाही म्हणणं नव्या माणसाला जड जातं.

घरातून निघताना

दिवसभरात कुठे कुठे जाणार, कुठल्या इमारतीत किती वाजेपर्यंत असणार, हे एका माणसाला कळवा. नुसतं कळवून भागत नाही. ठरल्या वेळी तुमचा निरोप आला नाही तर त्यानं काय करायचं, हेही ठरलेलं हवं. उदाहरणार्थ, दर ठिकाणचं काम संपलं की तुम्ही निरोप पाठवायचा. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटं वाट पाहून त्यानं फोन करायचा. उचलला नाही तर त्या पत्त्यावरच्या माणसाला, आणि तिथूनही उत्तर नसेल तर आपत्कालीन सेवेला. यासाठी त्याच्याकडे पूर्ण पत्ता आणि मालकाचा फोन नंबर आधीच असायला हवा.

फोन गाडीत किंवा बादलीजवळ ठेवू नका, अंगावर ठेवा. मागच्या खिशात नको. पाठीवर पडलात तर तो फुटेल किंवा हातच पोचणार नाही. छातीच्या बंद खिशात किंवा मांडीच्या बाजूच्या खिशात, कुठल्याही एका हातानं काढता येईल असा. पडणं ओळखून आपोआप मदत बोलावणारी मनगटी घड्याळं आता सहज मिळतात. ॲपल वॉचमध्ये ही सोय २०१८ पासून आहे. असं घड्याळ असेल तर वापरा, पण निरोपाची ठरलेली पद्धत त्यासाठी सोडू नका.

झोप झालेली नाही, चक्कर येतेय, गुंगी आणणारं औषध घेतलंय, अशा दिवशी जमिनीवरून होणारीच कामं घ्या.

शिडी तपासणं

रोज कामाला सुरुवात करण्याआधी शिडी आडवी ठेवून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहा. उभे दांडे वाकलेले आहेत का, कुठे चीर आहे का, पायऱ्या हातानं पिळल्यावर फिरतात का, सरकत्या शिडीचे आकडे पायरीवर पूर्ण बसतात का, दोरी झिजली आहे का. आणि सगळ्यात जास्त वेळ रबरी पायांना द्या. रबर झिजून गुळगुळीत झालं असेल किंवा त्यात चिखल, खडी, वाळलेला साबण अडकला असेल तर ती शिडी सरकणारच. एका पायाचं रबर गेलं असेल तर त्या दिवशी ती शिडी बंद. लाकडी शिडीला रंग लावू नका, रंगाखाली चीर दिसत नाही.

विकत घेताना किती भार पेलते ते पाहा, आणि तो भार म्हणजे तुम्ही, कपडे, अवजारं आणि पाणी मिळून. युरोपीय मानक ईएन १३१ च्या २०१८ पासूनच्या रूपात शिड्यांचे व्यावसायिक आणि घरगुती असे दोन वर्ग आहेत, आणि दोन्हींसाठी कमाल भार १५० किलो आहे. टेकवायची शिडी ३ मीटर किंवा त्याहून लांब असेल तर खाली रुंद आडवी पट्टी असणंही त्यात बंधनकारक आहे. पायाशी माणूस नसताना ही पट्टी फार मोलाची. अमेरिकी श्रेणींमध्ये सगळ्यात हलकी, तिसरी श्रेणी सुमारे ९१ किलोची, तर 'वन-ए' सुमारे १३६ किलोची. रोजच्या धंद्याला हलकी घरगुती शिडी घेऊ नका. ती पहिल्या दिवशी मोडणार नाही, पण दिवसातून अनेकदा गाडीवर चढवण्या-उतरवण्यानं तिचे सांधे लवकर ढिले पडतात.

जागा पाहणं

आधी वर पाहा. विजेच्या तारा दिसल्या तर त्यांच्यापासून आडवं ६ मीटर अंतर राखा. तेवढं मिळत नसेल तर तिथे शिडी लावू नका. फायबरग्लासची शिडी विजेच्या बाबतीत ॲल्युमिनियमपेक्षा बरी, पण आपल्या कामात सगळंच ओलं असतं, म्हणून तिच्यावर विसंबून तारांजवळ जायचं नाही. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात आणि छज्जाखाली गांधीलमाश्यांचं घरटं आहे का, तेही खालूनच पाहून घ्या. शिडीवर माशी चावली की हात आपोआप सुटतो.

मग खाली पाहा. जमीन टणक, सपाट आणि कोरडी हवी. शेवाळ आलेली फरशी, ओली लाकडी डेक, सैल खडी, नुकतं पाणी घातलेली माती यांवर शिडी उभी करू नका. मऊ जमिनीवर रुंद जाड फळी घालता येते, पण ती स्वतः घसरत किंवा डुलत नाही हे पाहा. विटा, खोकी, उलटी बादली लावून एक पाय उंच करणं कधीच नाही. त्यासाठी शिडीच्या पायाला लावायचे लेव्हलर मिळतात. जमिनीचा उतार बाजूला १६ अंशांपर्यंत आणि भिंतीच्या दिशेनं ६ अंशांपर्यंत असेल तरच पुढे जा, आणि बाजूचा उतार असेल तेव्हा पायऱ्या पाणसळीत येतील इतकं लेव्हलरनं समतल करून घ्या.

जवळ दार असेल तर ते आतून बंद करून घ्या किंवा उघडं ठेवून अडकवा. शिडीभोवती शंकू आणि पट्टी लावा, कारण "जरा थांबा" म्हणायला खाली कुणी नाही.

वारा असेल तर लहान झाडांचे शेंडे पाहा. ती झाडं अख्खी डोलत असतील तर लांब शिडी उभी करायचा विचार सोडा. इमारतीच्या कोपऱ्यांवर वारा अचानक जोरात येतो हे विसरू नका.

शिडी उभी करणं

लांब शिडी एकट्यानं उचलताना तिचे पाय भिंतीच्या पायथ्याशी अडकवा, दुसरं टोक उचला आणि एकेक पायरी हातात घेत भिंतीकडे चालत या. शिडी उभी झाली की पाय हळूहळू बाहेर घ्या. सरकती शिडी बंद असतानाच उभी करायची, मग वरचा भाग चढवायचा. दोन भाग निदान १ मीटर एकमेकांवर राहिले पाहिजेत. शिडीवरची खूण त्याहून जास्त सांगत असेल तर ती पाळा.

आता कोन. नियम चारास एकचा: टेकलेली जागा ४ मीटर उंच असेल तर पाय १ मीटर बाहेर. हा सुमारे ७५ अंशांचा कोन होतो. शिडीच्या पायांना चवडे लावून ताठ उभे राहा, हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करा. तळवे पायरीला सहज टेकले तर कोन ठीक आहे. फोनमधलं कोन मोजायचं साधन उभ्या दांड्याला लावूनही पाहता येतं. टोकाला स्टँड-ऑफ, म्हणजे शिडीचं टोक भिंतीपासून थोडं दूर ठेवणारी जोडचौकट, बसवला असेल तर अंतर भिंतीपासून मोजू नका. शिडीचं वरचं टोक ज्या बिंदूच्या बरोबर वर येतं, तिथून मोजा. नाहीतर शिडी वाटते त्यापेक्षा उभी राहते आणि मागे उलटायची भीती असते.

कोनाचा एवढा आग्रह का, ते आकड्यांत पाहा. ८० किलोचा माणूस शिडीच्या वरच्या टोकाजवळ असताना ७५ अंशांवर शिडीचे पाय सुमारे २१ किलोच्या जोरानं बाहेर ढकलले जातात. ६५ अंशांवर हा जोर ३७ किलोच्या आसपास जातो आणि ६० अंशांवर ४६ पर्यंत. शिडीचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही. पहिल्या पायरीवर उभं राहिलात तेव्हा हा जोर अगदी थोडा असतो. जसजसे वर जाता तसतसा तो वाढतो. म्हणून खाली घट्ट वाटलेली शिडी वर गेल्यावर सरकते. खाली उभं राहून हलवून पाहिली, घट्ट होती, हे पुरेसं नाही.

टोक भिंतीच्या पक्क्या भागावरच टेकवा. काचेवर, प्लास्टिकच्या पन्हळीवर, उघडणाऱ्या झडपेवर कधीही नाही. रुंद स्टँड-ऑफ असेल तर खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीवर टेकून शिडी समोर लावता येते. नसेल तर टोक खिडकीच्या खालच्या चौकटीच्या खाली ठेवा आणि काचेचा वरचा भाग हातभर दांड्यानं पुसा.

पाया कोण धरणार?

एकट्यानं काम करणाऱ्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. त्याचं चुकीचं उत्तर सगळीकडे दिसतं: पाण्यानं भरलेली बादली किंवा एखादा दगड शिडीच्या पायाशी लावायचा. वरचे आकडे पुन्हा पाहा. १० किलोची बादली ओल्या फरशीवर स्वतःच सरकते, ती २१ किलोच्या जोराला काय अडवणार? वाटेनं जाणाऱ्याला "जरा धरता का" म्हणणंही तसंच. तो दोन मिनिटं धरेल, मग फोन वाजला की निघून जाईल, आणि तुम्हाला वर ते कळणारही नाही.

खरे उपाय बांधण्याचे आणि अडवण्याचे. शिडी बांधायची तर दोन्ही उभे दांडे बांधा, पायरी नाही. वरचं टोक बांधणं उत्तम, पण त्यासाठी आधी न बांधलेल्या शिडीवरून वर जावं लागतं. म्हणून एकट्यानं नेहमी खालून सुरुवात करा: जमिनीवर उभं राहून हात पोचेल त्या उंचीवर, भिंतीतल्या पक्क्या कडीला किंवा काँक्रीटमध्ये रोवलेल्या खांबाला, दोर ताणून. पाणी वाहून नेणारा प्लास्टिकचा पाइप, झाड-झुडूप, खिडकीची सैल जाळी यांना बांधणं म्हणजे न बांधणंच. एखाद्या इमारतीत नेहमी काम असेल तर मालकाला भिंतीत कड्या बसवून द्यायला सांगा. एकदाचं काम आहे.

बांधायला काही नसेल तर शिडीच्या पायांमागे लावायचा रबरी रोधक वापरा. त्याचा तळ रुंद असतो आणि शिडीचा भार त्याच्यावर आला की तो जमिनीला आणखी घट्ट धरतो. त्याखालची जमीन स्वच्छ आणि कोरडी नसेल तर मात्र त्याचाही उपयोग नाही. रोधक पाय सरकणं अडवतो, शिडी बाजूला कलणं अडवत नाही. त्यासाठी खालची रुंद पट्टी किंवा वरचा रुंद स्टँड-ऑफ हवा. यातलं काहीच शक्य नसेल, तर ही खिडकी दोघांची.

सगळं झाल्यावर पहिल्या पायरीवर दोन्ही पायांनी उभे राहा, अंगाचा भार डावी-उजवीकडे टाका, मग खाली उतरून पाय रुतले किंवा सरकले का ते वाकून पाहा.

वर गेल्यावर

बुटांचे तळवे पुसूनच चढा. हात कोरडे आणि रिकामे. वायपर, लोकरी पॅड, फडकं सगळं कमरेच्या पट्ट्यावर. पट्ट्याला लावायची छोटी बादलीही मिळते. चढताना आणि उतरताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम शिडीवर. टेकवलेल्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. घडीच्या शिडीच्या वरच्या दोन पायऱ्याही सोडायच्या. अशी शिडी वापरताना तोंड खिडकीकडे असावं, काच बाजूला येईल अशी नको.

काम करताना तुमची नाभी दोन उभ्या दांड्यांच्या मध्ये राहिली पाहिजे. रुंद खिडकीची उजवी बाजू पुसून झाली, डावीचा वीतभर पट्टा उरला, हात थोडा ताणला की पोचतोय असं वाटतं. या धंद्यातला सगळ्यात मोहाचा क्षण हाच आहे आणि दिवसातून अनेकदा येतो. खाली उतरा, दोर सोडा, शिडी सरकवा, पुन्हा बांधा, पुन्हा चढा. वेळ लागतो, मान्य. भाव ठरवतानाच हा वेळ धरा, म्हणजे वर असताना मन घाई करणार नाही. शिडीवर उभं राहून ती उड्या मारत सरकवणं कुणी कितीही सफाईनं करून दाखवलं तरी शिकू नका.

वायपर वरून खाली ओढा, एका हातानं, दुसरा हात शिडीवर. काचेवर जोर लावून घासलं की तेवढाच जोर तुम्हाला मागे ढकलतो. चिकट डाग असेल तर द्रावण लावून थोडं थांबा, जोर वाढवू नका. हातातून वायपर सुटला तर सुटू द्या. तो पकडायला हात गेला की अंगही जातं.

आपल्या कामातला एक धोका रंगाऱ्याला किंवा वायरमनला नसतो: आपणच वरून साबणाचं पाणी खाली सोडतो आणि ते नेमकं आपल्याच शिडीच्या पायाशी येतं. कोरड्या फरशीवर चढलेला माणूस दहा मिनिटांत ओल्या, साबण लागलेल्या फरशीवर उभा असतो, आणि त्याला ते दिसत नाही. पॅड नीट पिळूनच वर न्या, चौकटीच्या खालच्या कडेला फडकं धरा, आणि दर खिडकीनंतर उतरल्यावर शिडीचे पाय आणि खालची फरशी पुसा. हे पुसणं कामाचाच भाग समजा. खालच्या मजल्याच्या खिडक्या शेवटी घ्या, म्हणजे शिडी लावायची जमीन आधीच ओली होणार नाही.

फोन वाजला तर वाजू द्या. उतरताना तोंड शिडीकडेच, आणि शेवटची पायरी पायानं चाचपूनच जमिनीवर या. जमीन आली असं समजून एक पायरी आधीच पाय टाकल्यानं घोटे मुरगळतात.

पडलातच तर

लगेच उठू नका. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील तर जसे आहात तसे पडून राहा, फोन काढा आणि मदत बोलवा. फोन पोचत नसेल तर आवाज द्या. गळ्यात शिट्टी असेल तर आणखी बरं, कारण बरगड्यांना मार बसला की ओरडवत नाही. डोक्याला लागलं असेल तर बरं वाटत असलं तरी गाडी चालवत घरी जाऊ नका. पुढच्या काही तासांत उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा गोंधळल्यासारखं झालं तर ताबडतोब रुग्णालय गाठा, आणि त्या रात्री कुणीतरी सोबत असू द्या.

ज्या शिडीवरून पडलात किंवा जी स्वतः पडली, ती कसून तपासल्याशिवाय पुन्हा वापरू नका. उभा दांडा वाकलेला असेल तर तो ठोकून सरळ करू नका. तिचे दोन तुकडे करून मगच टाका, म्हणजे दुसरं कुणी ती उचलून चढणार नाही.